जी-वाय-६ बग्गी इंजिन: घरी उघडून पुन्हा बांधणी, कामाच्या नोंदी

गाडी: दोन सीटची ऑफ-रोड बग्गी.
इंजिन: जी-वाय-६, १५० सीसी, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, पंख्याच्या हवेवर थंड होणारं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५७.४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५७.८ मिमी.
तक्रार: निळा धूर, ऑइल कमी होतं, चढावर दम सुटतो, गरम झाल्यावर सेल्फवर उचलत नाही.

४ ऑक्टोबर: उघडण्याआधीची तपासणी

इंजिन उघडलं की ही तपासणी करता येत नाही, म्हणून आजचा दिवस तिलाच दिला.

कॉम्प्रेशन गेजला १० मिमीचं अडॅप्टर लागतं, कारण या इंजिनाचा प्लग सी-७-एच-एस-ए जातीचा, बारीक आट्यांचा आहे. थ्रॉटल पूर्ण उघडं धरून सेल्फ मारला. काटा ६.२ किलोवर थांबला. प्लगच्या छिद्रातून चमचाभर, साधारण ५ मिली ऑइल टाकून परत मारला: ९.५ किलो. ऑइलने दाब वाढला, तर पुस्तकी नियमाप्रमाणे दोष पिस्टनच्या रिंगांचा. पण या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. टाकलेलं ऑइल खालच्या बाजूला साचतं, रिंगेच्या सगळ्या घेराला लागत नाही. त्यामुळे नुसत्या ओल्या चाचणीवर निकाल देऊ नये.

पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि प्लगच्या छिद्रातून ४ किलो दाबाची हवा सोडली. हवा पिस्टनला ढकलते आणि क्रँक झटक्यात फिरू शकतो, म्हणून डावीकडच्या व्हेरिएटरच्या (बेल्टच्या पुढच्या पुलीच्या) नटावर लांब पाना अडकवून ठेवला आणि बोटं लांब ठेवली. ब्रीदर पाइपला (इंजिनाच्या खालच्या भागातली हवा बाहेर नेणाऱ्या नळीला) कान लावला तर जोरात फुसफुस. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक आवाज. कार्ब्युरेटरच्या बाजूला काहीच नाही. म्हणजे मुख्य गळती रिंगांतून आणि थोडी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून.

ब्रीदरचा पाइप एअर बॉक्समध्ये जातो, आणि एअर बॉक्सच्या तळाशी ऑइलचं थारोळं आहे. हिशेब जुळतो.

५ ऑक्टोबर: उतरवणं

आधी धुणं, मग पाना. कार्ब्युरेटरचं आणि एक्झॉस्टचं तोंड चिंधी कोंबून, वर प्लॅस्टिक बांधून बंद केलं आणि सगळं इंजिन रॉकेल व ब्रशने घासलं. पंख्याचं प्लॅस्टिकचं आवरण काढल्यावर सिलिंडरच्या खालच्या पाच-सहा पापुद्र्यांमध्ये (थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांमध्ये) चिखल वाळून विटेसारखा घट्ट बसलेला दिसला. तिथून हवा जातच नव्हती. लाकडी काडीने टोकरून काढला. स्क्रूड्रायव्हरने काढताना पापुद्रा तुटतो.

बोल्ट काढताना जाड पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचत गेलो. सगळे ६ मिमीचे असले तरी लांबी वेगवेगळी आहे. लांब बोल्ट आखूड छिद्रात गेला तर तो तळाला टेकतो, डोकं मात्र अजून वर असतं. मग आवळायला गेलं की आटे तरी निघून येतात किंवा केस (इंजिनाचं धातूचं कवच) तडकते. घरी उघडलेल्या इंजिनांमध्ये नेहमी होणारं नुकसान हेच.

६ ऑक्टोबर: हेड, सिलिंडर, पिस्टन

मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चुंबकी चाकावरची) टी खूण केसवरच्या खुणेशी जुळवली आणि कॅमची स्थिती पाहून ठेवली. टायमिंग चेनचा टेन्शनर आधी काढला. तो तसाच ठेवून कॅमला हात घातला, तर चेन सैल पडताच टेन्शनर पूर्ण बाहेर येतो आणि कॅमचा गिअर निघत नाही. हेडचे चार नट तिरके, एका वेळी पाव फेरा असे सैल केले. चेन तारेने वर बांधली, केसच्या तोंडात स्वच्छ कापड भरलं, मगच गजन पिनचं (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनचं) लॉक काढलं. ते लॉक केसमध्ये पडलं तर पुढचा अख्खा दिवस जातो.

बोअर पाहिल्यावर बऱ्याच गोष्टी उलगडल्या. गरम होऊन सीझ झालेल्या सिलिंडरला उभे ओरखडे असतात, एका बाजूला पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं असतं. इथे तसं काही नाही. भिंत सगळीकडून सारखी राखाडी, मॅट, पॉलिश पेपरने घासल्यासारखी. वरच्या एक तृतीयांश भागात होनिंगच्या (कारखान्यात भिंत घासताना पडलेल्या) फुलीच्या रेघा पूर्ण गेल्या आहेत, खाली अजून दिसतात. ही झीज धुळीची. बारीक धूळ ऑइलमध्ये मिसळून घासायच्या पेस्टचं काम करत होती.

मग मोजमाप. बोअर तीन उंचीवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी:

वर: ५७.५२ आणि ५७.४९
मध्ये: ५७.४६ आणि ५७.४४
खाली: ५७.४१ आणि ५७.४१

पिस्टनचा स्कर्ट (रिंगांखालचा भाग), गजन पिनला काटकोनात आणि खालच्या कडेपासून १० मिमी वर: ५७.३०. वरच्या भागात फरक ०.२२ मिमी. या इंजिनाला ०.१० च्या पुढे चालवू नये.

वरची रिंग सिलिंडरच्या न झिजलेल्या खालच्या भागात पिस्टनने सरळ ढकलून गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) मोजला: ०.८५ मिमी. नवा ०.२० धरला तर ०.६५ ने वाढला. घेराचा हिशेब असल्यामुळे याला ६.२८ ने भागायचं. म्हणजे रिंगेची बाहेरची कड साधारण ०.१ मिमी खाल्ली गेली. ही झीज बोटाला जाणवत नाही, फीलर गेजच सांगतो.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ: धूळ आली कुठून

हा प्रश्न सोडवल्याशिवाय एकही पार्ट मागवायचा नाही. नव्या रिंगा टाकून जुनीच धूळ आत जाऊ दिली, तर पुढच्या मोसमात हेच इंजिन पुन्हा उघडावं लागेल.

फिल्टरचा फोम ठीक, फाटलेला नाही. त्याची कड एअर बॉक्सच्या काठावर नीट टेकते. फिल्टरच्या मागची एअर बॉक्सची भिंत स्वच्छ. कार्ब्युरेटरच्या तोंडात मात्र बोटाला लागेल एवढा तपकिरी थर. म्हणजे धूळ या दोन्हींच्या मधून शिरते, आणि मध्ये फक्त रबरी नळी आहे.

नळी काढून उजेडासमोर धरली, काही दिसलं नाही. हातांनी ताणली तेव्हा खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या अगदी कडेखाली, १५ मिमीची चीर उघडली. सोडली की ओठांसारखी मिटते. नळी उभी कापून आतून पाहिली: चिरेच्या टोकापासून कार्ब्युरेटरच्या दिशेने धुळीचा पट्टा निघतो, सुरुवातीला रेघेएवढा आणि पुढे हातपंख्यासारखा पसरत गेलेला. बाकी नळी आतून काळी, स्वच्छ. इंजिन खडबडीत रस्त्यावर हललं की नळी ताणली जायची आणि चीर तोंड उघडायची. उभ्या गाडीत कितीही वेळा पाहिलं असतं तरी सापडली नसती.

८ ऑक्टोबर: खालचा भाग उघडायचा की नाही

ऑइलची जाळी काढली. जाळीवर करडा गाळ, बोटांत चोळला तर खरखरीत. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिला, प्ले नाही. बाजूचा प्ले ०.३० मिमी, चालण्यासारखा. एवढ्यावर केस न उघडता थांबता आलं असतं.

पण मेन बेअरिंगवर रॉकेल ओतून ती धुतली आणि क्रँक बोटाने हळू फिरवला, तेव्हा उजव्या बेअरिंगमध्ये वाळूवरून पाय घासल्यासारखी खरखर लागली. धुऊन परत फिरवला, तीच खरखर. धूळ बॉलच्या वाटेत रुतली आहे. ऑइल भरलेल्या बेअरिंगमध्ये ही खरखर लपून राहते, म्हणून धुऊनच तपासावं. केस उघडायची ठरली.

उजवी बाजू: पंखा, मॅग्नेट (योग्य आट्यांच्या पुलरनेच, हातोडी नाही, चुंबकं तडकतात), स्टेटर, कव्हर. पुढे स्टार्टर क्लचचा नट. याला उलटे आटे आहेत. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. सवयीने उलट जोर लावला तर क्रँकच्या टोकाचे आटे जातात आणि चांगला क्रँकही भंगारात निघतो. नटाजवळ मार्करने बाण काढून ठेवला आहे.

ऑइल पंपाच्या आतल्या पट्टीवर नख अडकेल असे गोल चरे. पंपही बदलायचा.

केसचे बोल्ट काढल्यावर दोन भाग रबरी हातोडीने सुटे झाले. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. पॅकिंग बसणाऱ्या सपाट जागेवर एक खळगा पडला तरी तिथून ऑइल कायमचं पाझरतं.

९ ऑक्टोबर: पार्टची यादी

बेअरिंगसह क्रँक, ५७.४ चं सिलिंडर-पिस्टन किट, टायमिंग चेन, ऑइल पंप, सगळी सीलं, पूर्ण पॅकिंग सेट, व्हॉल्व्हची स्टेम सीलं, एअर बॉक्सची नळी आणि दोन नवे क्लॅम्प.

क्रँक अख्खा घेण्याचं कारण असं की बेअरिंगं त्यावर दाबून बसवलेली असतात. जुनी ओढून नवी दाबताना दोन्ही वेबच्या (क्रँकच्या जाड तबकड्यांच्या) मध्ये मापाचा तुकडा धरला नाही तर वेब आत दबतात आणि क्रँक वाकडा होतो. प्रेस आणि डायल गेज हाताशी असतील तरच त्या वाटेला जावं.

या इंजिनाचे पार्ट मागवताना दोन गोष्टी तपासाव्यात. एक, १२५ सीसीचा स्ट्रोकही ५७.८ च आहे, फरक फक्त बोअरचा: १२५ ला ५२.४, १५० ला ५७.४. त्यामुळे नावावरून न मागवता माप देऊन मागवावं. दुसरी, हेड दोन जातींची येतात, एकात व्हॉल्व्हची लांबी ६४ मिमी, दुसऱ्यात ६९. आपला व्हॉल्व्ह काढून मोजल्याशिवाय हेड किंवा व्हॉल्व्ह घेऊ नये. इथले ६९ निघाले.

१२ ऑक्टोबर: हेड

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर एका जागी काळा डाग होता, गळती तिथूनच. आधी जाड, मग बारीक पेस्टने घासला. हाताखालचा आवाज करकर वरून सुरसुर झाला की थांबायचं. सीटची पट्टी १.२ मिमी रुंद, सलग, करड्या रंगाची आली. नवीन १.० असते, ठीक आहे. पेस्टचा कण राहू नये म्हणून हेड तीनदा धुतलं. नवी स्टेम सीलं घालून स्प्रिंगा बसवल्या आणि पोर्टमध्ये पेट्रोल भरून पंधरा मिनिटं ठेवलं. दोन्ही कोरडे.

१३ ऑक्टोबर: नव्या किटची तपासणी

नवं म्हणजे तयार, असं समजू नये. किट पुसून थेट बसवलं असतं तर हे इंजिन पहिल्या तासात सीझ झालं असतं.

वरच्या रिंगेचा गॅप मोजला: ०.०८ मिमी. ही रिंग गरम होऊन फुगली की टोकं एकमेकांना भिडतात, पुढे जायला जागा नसते, आणि ती बोअरमध्ये रुतते. बारीक कानस व्हाइसमध्ये धरून रिंगेचं एकच टोक, बाहेरून आत अशा दिशेने घासलं. दोन घास, मग मोजणं, असं करत ०.२० वर आणलं. दुसरी ०.२८ होती, तशीच ठेवली. घासलेल्या टोकाची धार ४०० च्या पेपरने मोडली.

सिलिंडरच्या खालच्या तोंडाची कड चाकूसारखी होती. रिंगा इथूनच आत शिरतात, त्यामुळे तीही पेपरने हलकी गोल केली.

मग धुणं. होनिंगची भुकटी पेट्रोलने निघत नाही, पेट्रोल तिला नुसतं इकडून तिकडे करतं. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश. पहिल्या धुण्यानंतर पांढरं कापड बोअरमधून फिरवलं, काळं झालं. दुसऱ्यांदा करडं. चौथ्या धुण्यानंतर पांढरं राहिलं. लगेच वाळवून ऑइलचा हात फिरवला, कारण उघड्या बीडावर काही मिनिटांत गंजाची लाली चढते.

पिस्टनचा स्कर्ट ५७.३७, बोअर ५७.४०. फरक ०.०३. उत्तम.

१८ ऑक्टोबर: केस बंद

केसचा डावा भाग ओव्हनमध्ये साधारण १०० अंशांवर तापवला, क्रँक थंड ठेवला. बेअरिंग हाताच्या दाबाने जागेवर गेलं. टायमिंग चेन आधीच क्रँकवर चढवली. ही विसरली की सगळं पुन्हा उघडायचं. पॅकिंग कोरडं लावलं, बोल्ट आतून बाहेर तिरके आवळत १० न्यूटन-मीटर.

आवळून झाल्यावर क्रँक फिरवला तर जड. बेअरिंग बाजूने दाबाखाली बसलं होतं. बोल्ट सैल न करता क्रँकच्या दोन्ही टोकांवर रबरी हातोडीने एकेक हलका ठोका दिला, बेअरिंगं आपापल्या जागी सरकली आणि क्रँक बोटाने सहज फिरायला लागला. तरीही जड राहिला असता तर केस परत उघडणं भाग होतं. जड क्रँक चालवून मोकळा होत नाही, बेअरिंग जळतं.

नवा ऑइल पंप ऑइलने भरून बसवला.

१९ ऑक्टोबर: वरचा भाग

पिस्टनवरची आय-एन खूण इनटेककडे, या इंजिनात वरच्या बाजूला. गजन पिनच्या लॉकचं उघडं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ दिलं नाही, नाहीतर लॉक निसटतं. रिंगांच्या खुणा वर, तोंडं १२० अंशांवर.

हेडला ऑइल एका स्टडभोवतीच्या वाटेने चढतं. सिलिंडरखालचं पॅकिंग ठेवल्यावर ती वाट उघडी दिसते का, हे टॉर्च लावून पाहिलं. ती झाकली गेली तर इंजिन छान सुरू होतं आणि थोड्या वेळात कॅम कोरडा पडून खाल्ला जातो.

कॅमच्या गिअरचं मोठं छिद्र बाहेरच्या दिशेला, दोन लहान छिद्रं हेडच्या कडेला समांतर, मॅग्नेट टी खुणेवर. हेडचे चार नट तिरके, तीन टप्प्यांत: ८, १४, २० न्यूटन-मीटर. बाजूचे दोन ६ मिमीचे बोल्ट सगळ्यात शेवटी, १० वर. टेन्शनरचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवून आत ओढून धरला, बसवला, सोडला. टेन्शनर बसल्यावर चेनचा ढील निघतो आणि कधीकधी कॅम एका दाताने सरकलेला सापडतो, म्हणून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत पाहिल्या. जुळल्या.

टॅपेटची फट (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची) ०.१० मिमी, दोन्ही, थंड इंजिनावर.

२० ऑक्टोबर: पहिली सुरुवात

ऑइल ०.८ लिटर, साधं मिनरल. प्लग काढून सेल्फ दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत, हेडपर्यंत ऑइल दिसेपर्यंत मारला. पंख्याचं आवरण चढवूनच इंजिन सुरू करायचं. आवरणाशिवाय पंखा हवा सिलिंडरवर नेत नाही, आणि नवं पिस्टन पाच मिनिटांत तापतं.

तिसऱ्या सेल्फला उचललं. पण आयडलला आवाज वर-खाली होत राहिला. इनटेकच्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला तर आवाज लगेच बदलला, म्हणजे तिथून हवा खेचली जात होती. उघडून पाहिलं: काळ्या इन्सुलेटरची ओ-रिंग खाचेतून बाहेर येऊन चिमटली होती. नवी घातली, ग्रीसच्या थेंबाने खाचेत धरून ठेवली. आयडल स्थिर. बरं झालं लगेच सापडलं. पातळ मिश्रणावर नवं पिस्टन चालवणं म्हणजे त्याला जाळणंच.

वीस मिनिटं चालवलं, थ्रॉटल अर्ध्यापर्यंत, वर-खाली करत. नुसतं आयडलवर सोडलं नाही. रिंगा बसायला त्यांच्यामागे वायूचा दाब लागतो, आणि आयडलला तो मिळत नाही. गरम असतानाच ऑइल सोडलं. चमकी होती, पहिल्या ऑइलला असतेच. कण एकही नाही.

२७ ऑक्टोबर: पाच तासांनंतर

टॅपेट: इनटेक ०.१०, एक्झॉस्ट ०.०८ झाला होता, परत ०.१० केला. घासलेला व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा खाली बसतो, तेव्हा हे अपेक्षितच. ऑइल दुसऱ्यांदा बदललं, पातळी घटलेली नव्हती. कॉम्प्रेशन त्याच गेजवर ११.८ किलो.

फिल्टरच्या फोमला ऑइल, त्याच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ. नवी नळी काढून आतून पांढरं कापड फिरवलं, क्लॅम्पच्या खालच्या कडेशी दोनदा. कापड पांढरंच. पुढची तपासणी दहा तासांनी, याच ठिकाणी, याच कापडाने.